पिशाच्चांचे दप्तर

सन १७२५ मध्ये, पासारोवित्सच्या तहाने उत्तर सर्बियाचा मुलूख तुर्कांकडून ऑस्ट्रियाच्या बादशहाकडे येऊन उणीपुरी सात वर्षे झाली असताना, ग्रादिस्क परगण्याचा कारभार पाहणाऱ्या फ्रोंबाल्ड नावाच्या अंमलदाराने आपल्या वरिष्ठांस एक अहवाल लिहून पाठविला. किसिलोवा खेड्यातील पेटर प्लोगोयोवित्स हा शेतकरी वारल्यानंतर दहा आठवड्यांनी, अवघ्या आठ दिवसांत त्या गावातली नऊ माणसे दगावली होती, आणि मरताना त्यांनी असे सांगितले होते की, हा पेटर झोपेत आमच्या अंगावर येऊन पडला व त्याने आमचा गळा आवळला. गावकऱ्यांचे म्हणणे, थडगे उकरून प्रेताची तजवीज लावावी. अंमलदाराचे म्हणणे, बेलग्रेडहून हुकूम येईपर्यंत थांबावे. त्यावर, हुकुमाची वाट पाहत बसलो तर गाव ओस पडेल, त्यापेक्षा आम्हीच गाव सोडून जातो, असे निर्वाणीचे उत्तर गावकऱ्यांनी दिले. तेव्हा पाद्र्याला बरोबर घेऊन अंमलदार नाइलाजाने थडग्यापाशी गेला. त्याच्यादेखत प्रेतात शूळ ठोकण्यात आला, प्रेत जाळण्यात आले, आणि अहवाल संपविताना त्याने मोठ्या दक्षतेने नमूद केले की, या प्रकरणी काही गैर घडले असल्यास त्याचा दोष आपल्याकडे नसून भीतीने भान हरपलेल्या जमावाकडे आहे. त्याच वर्षी जुलै महिन्यात व्हिएन्नाच्या वृत्तपत्राने हा कागद छापला.

या कागदात पिशाच्चाच्या वाट्याला फार थोड्या ओळी आल्या आहेत. परवानगी कोणी द्यावयाची, ती येण्यापूर्वी कृती केल्यास जाब कोणाला विचारला जाईल, साक्षीदार म्हणून कोणाला उभे करावे, या विवंचनेनेच त्याचा मोठा भाग व्यापलेला आहे. आणि गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत अमेरिका, इंग्लंड व जपान येथे अमानुष प्राण्यांचा नि:पात करणाऱ्या गुप्त संघटनांविषयी जे खेळ, ज्या कथा व ज्या चित्रमालिका निर्माण झाल्या, त्या सर्वांचा विचार करू लागले म्हणजे हा बिचारा फ्रोंबाल्डच त्यांचा मूळपुरुष आहे असे मला वाटू लागते. खेळ म्हणजे येथे रोलप्ले. चारसहा माणसे टेबलाभोवती जमतात; एकजण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र पत्करतात; सूत्रधार प्रसंग उभा करतो, पात्रे आपापली कृती सांगतात, आणि यशापयशाविषयी शंका असेल तेथे फासे टाकून निकाल लावला जातो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध करून या प्रकाराला छापील नियमांचे रूप दिले. त्याचाच एक भाऊबंद निव्वळ लेखी असतो: फासे नाहीत, सूत्रधारही नावापुरता, प्रत्येकाने आपल्या पात्राचा परिच्छेद लिहावा आणि पुढच्याने तो धागा उचलावा.

आरंभीच्या खेळांतले वीर गुहेत शिरून राक्षस मारीत व सोने लुटून आणीत; त्यांना कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. परंतु १९८३ च्या सुमारास ‘ब्यूरो १३’, १९८४ मध्ये ‘चिल’, १९९७ मध्ये ‘डेल्टा ग्रीन’, १९९९ मध्ये ‘हंटर : द रेकनिंग’, २००८ मध्ये ‘हंटर : द व्हिजिल’ आणि २०१२ मध्ये एकाच वर्षी ‘मॉन्स्टर ऑफ द वीक’ व ‘नाइट्स ब्लॅक एजंट्स’ असे जे खेळ निघत गेले, त्यांत शिकारी हा कोणत्या तरी मंडळाचा, खात्याचा किंवा टोळीचा माणूस झाला. रक्तपिपासू प्रेत, लांडगामानव, समुद्रतळीचा अनामिक देव, ही सावजे या सगळ्या काळात फारशी बदललेली नाहीत. बदलत गेले ते त्यांच्या मागे लागणाऱ्यांचे दप्तर, आणि या विषयाचा आढावा घ्यावयाचा तर तो त्या दप्तराचाच घ्यावा लागेल.

अशी संघटना वास्तवात कधी होती काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात प्रथम येईल. त्याचे सर्वांत विलक्षण उत्तर इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातील फ्रिउली प्रांतात सापडते. गोव्यामुळे मराठी वाचकाला ज्याचे नाव अपरिचित नाही त्या इन्क्विझिशनच्या धर्मन्यायासनासमोर १५७५ पासून पुढे पाऊणशे वर्षे तेथील काही साध्यासुध्या शेतकऱ्यांनी जबान्या दिल्या, आणि कार्लो गिन्झबुर्ग या इतिहासकाराने ती दप्तरे धुंडाळून १९६६ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला. हे लोक स्वत:ला ‘बेनांदांती’ म्हणवीत. आईच्या उदरातून गर्भवेष्टनासह जन्मलेला मुलगा वयात आला की त्याला बोलावणे येई. मग वर्षातून चारदा, ऋतुपालटाच्या उपवासांच्या आठवड्यात गुरुवारी रात्री, देह अंथरुणावर ठेवून त्याचा आत्मा बाहेर पडे आणि आपल्या सोबत्यांसह चेटक्यांच्या फौजेशी लढे. बेनांदांतींच्या हाती बडीशेपेचे दांडे, चेटक्यांच्या हाती ज्वारीची ताटे! लढाई जिंकली तर त्या साली पीक उदंड, हरली तर दुष्काळ. या फौजेला नायक होता, निशाण होते, आणि तिच्यातील रहस्य बाहेर फोडण्याची सक्त मनाई होती.

धर्मन्यायाधीशांपुढे मोठाच पेच पडला. हे लोक तर म्हणत होते की, आम्ही ख्रिस्ताच्या बाजूने लढतो. तथापि ज्याची सनद चर्चने दिलेली नाही असा धर्मयोद्धा चर्चला मानवण्याजोगा नव्हता. वर्षानुवर्षे एकाच रोखाने प्रश्न विचारले गेले, ‘तुम्ही रात्री जाता, उडत जाता, तेथे जमाव असतो, मग तो चेटक्यांचाच मेळा कशावरून नव्हे?’ या धर्तीच्या उलटतपासण्या झाल्या, आणि सतराव्या शतकाच्या मध्याला पोचेपर्यंत स्वत: बेनांदांतीच कबूल करू लागले की होय, आम्ही चेटकी आहोत. शिकाऱ्यांची सावजे झाली ती कोणा पिशाच्चाने केली नाहीत. चौकशीच्या दप्तराने केली. रोलप्लेच्या कोणत्याही सूत्रधाराने यापेक्षा भेदक कथानक रचल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

बेनांदांतींची गुप्तता एका अर्थी खासगी होती, कारण चेटकांचा उघड पाठलाग करणारी सत्ता त्या काळी खणखणीतपणे अस्तित्वात होती. इन्क्विझिशन गुप्त नव्हते. त्याला इमारती होत्या, पगारी कारकून होते. इंग्लंडात १६४४ ते १६४७ या काळात गावोगावचे पैसे घेऊन चेटकिणी हुडकीत हिंडणारा मॅथ्यू हॉपकिन्स स्वत:ला त्या कामाचा सरसेनापती म्हणवीत असे, आणि तेही भर चौकात. पिशाच्चांचा बंदोबस्त हे जोवर सरकारदरबारचे मान्य काम आहे, तोवर त्यासाठी लपूनछपून संघटना काढण्याचे कारणच उद्भवत नाही.

ते कारण कसे उद्भवले, याचा धागा पुन्हा ऑस्ट्रियाच्या दप्तरातच मिळतो. फ्रोंबाल्डच्या अहवालानंतर सात वर्षांनी, जानेवारी १७३२ मध्ये, मेद्वेद्या गावी योहानेस फ्ल्यूकिंगर या लष्करी शल्यवैद्याने थडगी उघडून पंचनामा केला. कोणत्या प्रेताच्या अंगी ताजे रक्त आढळले, कोणाची नखे नवी आली होती, याची माणसागणिक नोंद त्याने केली. इतर लष्करी वैद्यांच्या व अधिकाऱ्यांच्या सह्या त्याखाली घेतल्या. आणि ‘पिशाच्चावस्थेत’ सापडलेल्या प्रेतांची मुंडकी तोडून, ती जाळून, राख मोराव्हा नदीत टाकण्यात आल्याचे रुजू केले. हा कागद युरोपभर गाजला. विद्वानांनी त्यावर प्रबंधांमागून प्रबंध लिहिले. परंतु १७५५ मध्ये मोरेव्हिया-सायलेशियाच्या सीमेवरील एका गावात एका मृत स्त्रीचे प्रेत उकरून जाळण्यात आले तेव्हा मारिया थेरेसा महाराणीने दोन वैद्य चौकशीस पाठविले, आणि तिचा राजवैद्य गेरार्ड फान स्वीटेन याने निष्कर्ष काढला तो असा की, हे सारे अज्ञानाचे खेळ असून प्रेत न कुजण्यास थंडी, हवाबंद पेटी, मातीचा गुण अशी निसर्गातली कारणे पुरेशी आहेत. महाराणीने फर्मान काढून असल्या प्रकरणी स्थानिक अधिकाऱ्यांनी व पाद्र्यांनी परभारे काही करू नये, असे ठरवून टाकले. शासनाने पिशाच्चांवरील आपला अधिकार असा कायमचा सोडून दिला. आणि ज्या विषयावर शासन ‘असे काही नाहीच’ म्हणते, त्या विषयाचे काम करू इच्छिणाऱ्याला यापुढे ते गुप्तपणेच करणे प्राप्त झाले. फान स्वीटेनचा विवेक हा खऱ्या जगात निर्विवाद उपकारक ठरला. कल्पित जगातील गुप्त संघटनेचा जन्मही त्याच विवेकाच्या पोटी झाला, हे मात्र सहसा कोणी लक्षात घेत नाही.

जपानचे उदाहरण या अनुमानाला चांगलीच पुष्टी देते. तेथील राजदरबारात आठव्या शतकाच्या आरंभीच्या कायद्यांपासून ‘ओन्म्योर्यो’ नावाचे एक रीतसर खाते होते. पंचांग, ग्रहगणित, कालमापन आणि शकुनविचार ही त्याची कामे. आबे नो सेइमेई (९२१ ते १००५) हा त्याच परंपरेतील अधिकारी, आणि दंतकथांतून तो भूतपिशाच्चांना हुकूम सोडणारा महामांत्रिक झाला असला तरी दप्तरी तो शेवटपर्यंत दरबारचा चाकरच होता. मेजी राजवटीने १८७० मध्ये हे खाते मोडीत काढले आणि १८७६ मध्ये सामुराईंनी तलवार बाळगण्यास बंदी केली. आता गोतोगे कोयोहारु यांची ‘किमेत्सु नो याइबा’ ही २०१६ ते २०२० या काळात प्रसिद्ध झालेली, जगभर गाजलेली चित्रकथा पाहा: तिचा काळ त्यानंतरच्या ताइशो राजवटीचा, तिच्यातील दैत्यसंहारक दलाला सरकारची मान्यता नाही, आणि आगगाडीच्या स्थानकावर पोलीस दिसताच त्या शूर पोरांना आपल्या तलवारी लपवाव्या लागतात! दैत्यांशी झुंज घेणाऱ्यांना पोलिसाच्या शिट्टीची धास्ती, हा विनोद लेखकाने ओझरता केला आहे. पण या सबंध वाङ्मयप्रकाराची कोनशिला तोच आहे.

इंग्लंडात मधल्या काळात शिकारी आधी एकटा होता. शेरिडन ले फानूचा डॉक्टर हेसेलियस (१८७२), अल्जर्नन ब्लॅकवुडचा जॉन सायलेन्स (१९०८), विल्यम होप हॉजसनचा कार्नॅकी (१९१० पासून) हे सगळे खासगी सल्लागार. वैद्य किंवा वकील असावा तसे, अशिलाने बोलाविल्यावर जाणारे. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’त (१८९७) प्रथमच एक टोळी दिसते, आणि त्या टोळीतील खरी कर्तबगार व्यक्ती माझ्या मते प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग नसून मीना हार्कर आहे, कारण रोजनिशा, पत्रे, तारा व वृत्तपत्रांतील कात्रणे टंकलिखित करून, तारीखवार लावून तिने जे बाड सिद्ध केले, त्याच्या आधारेच शत्रूच्या हालचालींचा माग लागतो. याच सुमारास, १८८२ मध्ये, लंडनमध्ये सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च स्थापन झाली होती आणि केंब्रिजचे तत्त्वज्ञ हेन्री सिजविक तिचे पहिले अध्यक्ष होते. तिचा एक प्रतिनिधी रिचर्ड हॉजसन हिंदुस्थानातही येऊन गेला: १८७९ पासून मुंबईत ठाण मांडून नंतर मद्रासजवळ अड्यारला गेलेल्या थिऑसॉफिस्टांच्या चमत्कारांची त्याने तपासणी केली, आणि १८८५ च्या त्याच्या अहवालात मॅडम ब्लाव्हाट्स्की यांना लबाड ठरविण्यात आले. वास्तवातल्या या ‘शिकारी’ संस्थेला भूत मिळण्याऐवजी फसवणूक मिळाली; खेळ रचणाऱ्यांनी तिचे दप्तर तेवढे उचलले आणि त्यात खरी भुते घातली.

शासन आणि शिकार यांची पुन्हा गाठ घातली ती एच. पी. लव्हक्राफ्टने. ‘द शॅडो ओव्हर इन्समथ’ (१९३६) या त्याच्या कथेच्या आरंभीच, १९२७-२८ च्या हिवाळ्यात सरकारी माणसांनी एका किनारपट्टीच्या गावावर छापा घालून तेथील रहिवासी गुपचूप हलविल्याचा उल्लेख येतो. लव्हक्राफ्टला त्या सरकारी माणसांत काडीचाही रस नव्हता. पण सँडी पीटरसन यांनी १९८१ मध्ये त्याच्या कथांवरून ‘कॉल ऑफ क्थुल्हू’ हा खेळ रचला, त्यात पात्राच्या चित्तस्थैर्याला आकड्यात मोजण्याचा नियम आणला, म्हणजे अमानुषाचे दर्शन घडले की फासा टाकावयाचा आणि शहाणपणातून तितके गुण वजा करावयाचे. आणि पुढे डेनिस डेटविलर, ॲडम स्कॉट ग्लॅन्सी व जॉन टाइन्स या तिघांनी नेमक्या त्या छाप्यापासून ‘डेल्टा ग्रीन’ची कल्पित वंशावळ सुरू केली. १९२८ च्या त्या छाप्यातून एक गुप्त सरकारी पथक जन्मले. कंबोडियातील एका मोहिमेत त्याचे माणूसबळ बळी पडल्यावर १९७० मध्ये त्याची सनद रद्द झाली. तरी त्यातल्या माणसांनी काम थांबविले नाही, आणि आता ते निरनिराळ्या खात्यांत बसून, खोट्या कारणांच्या रजा टाकून, सरकारी साधने चोरून वापरीत, सरकारला न कळत पिशाच्चांशी लढतात. फ्रोंबाल्ड निदान हुकुमाची वाट पाहत होता. यांना हुकूम देणारेच कोणी उरलेले नाही.

या खेळाचा एक नियम सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण मला तो या सगळ्या वाङ्मयातील सर्वांत प्रौढ कल्पना वाटतो. प्रत्येक पात्राच्या नोंदवहीत त्याचे आप्तसंबंध लिहिलेले असतात: पत्नी, मुलगी, जुना सहकारी, धाकटा भाऊ, आणि प्रत्येक संबंधाला काही गुण असतात. भयानक दर्शनाने चित्तस्थैर्य ढळू लागले की खेळाडूला ते वाचविण्याची मुभा आहे, मात्र त्यासाठी मनोबळ खर्चावे लागते आणि एखाद्या आप्तसंबंधाचे तितकेच गुण कमी होतात. म्हणजे तळघरात जे पाहिले त्याचा धक्का शिकारी स्वत: पचवितो, आणि घरी येऊन बायकोशी तुसडेपणाने वागतो. दोन मोहिमांच्या मधल्या काळात घरचे प्रसंग खेळावे लागतात. घटस्फोट, अबोला, मुलाच्या शाळेत न जाता आलेला दिवस. गुप्ततेचे मोल कोण चुकवितो, याचा हा हिशेब कोणत्याही कादंबरीत इतक्या निष्ठुर जमाखर्चाने मांडलेला मी वाचला नाही.

इतर खेळांविषयी इतके थांबण्याचे कारण नाही. ‘द व्हिजिल’मध्ये लहान टोळीपासून जगव्यापी कटापर्यंत संघटनांच्या तीन पायऱ्या आहेत, आणि वरच्या पायरीवर चर्चची एक, सरकारची एक, औषधे बनविणाऱ्या धनाढ्य कंपनीची एक अशा संघटना बसविल्या आहेत; ती कंपनी मारलेल्या प्राण्यांचे अवयव आपल्याच नोकरांच्या देहात बसविते, यात आजच्या भांडवलशाहीवरील टीका आहेच, पण ती फार उघडी आहे. ‘नाइट्स ब्लॅक एजंट्स’मध्ये केनेथ हाइट यांनी शिकाऱ्यांना निवृत्त हेर केले आणि संघटनेची उतरंड पिशाच्चांच्या बाजूला नेऊन ठेवली, स्टोकरची कादंबरी म्हणजे ड्रॅक्युलालाच हेर म्हणून नेमू पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याच्या अहवालाची काटछाट केलेली प्रत होय, ही त्यांची पुढील कल्पना फारच गमतीची. मायकेल सँड्स यांच्या ‘मॉन्स्टर ऑफ द वीक’मध्ये एखाद्या खात्याचा नोकर असलेले पात्र निवडले की त्या खात्याच्या साधनसामग्रीबरोबर त्याचे दोषही निवडावे लागतात: लालफीत, खर्चकपात, वैरी वरिष्ठ, अंतर्गत हेवेदावे. सरकारी नोकरीचा अनुभव असलेल्या खेळाडूला यासाठी कल्पनाशक्तीला फारसा ताण द्यावा लागू नये.

लेखी रोलप्लेविषयी मात्र थोडे कटू बोलणे भाग आहे. तेथे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला अर्धा मानव आणि अर्धा पिशाच्च व्हावयाचे असते. प्रत्येकाचे आईबाप पिशाच्चांनी मारलेले असतात. प्रत्येकाच्या एका डोळ्याचा रंग निराळा असतो. संघटनेत सगळे अद्वितीय वीरच भरले, तर तिचे टपाल कोण उघडील, मेलेल्या हवालदाराच्या विधवेला खोटे पत्र कोण लिहील, रक्ताने माखलेली मोटार कोणाच्या नावे दुरुस्तीस जाईल? ज्या लेखी खेळात एखाद्याने कोठीवाल्याची किंवा टंकलेखकाची भूमिका स्वखुशीने पत्करली आहे, तो दीर्घकाळ टिकतो असे दिसते, कारण बाकीच्यांना जाब देण्यासाठी समोर कोणीतरी उभे राहते.

‘एससीपी फाउंडेशन’ हा सामुदायिक उपक्रम तर सगळा कारकुनांचाच आहे. २००७ मध्ये एका निनावी लेखकाने इंटरनेटवर एका पुतळ्याची नोंद टाकली: दृष्टी खिळलेली असेपर्यंत तो हालत नाही, पापणी लवली की मान मोडतो, म्हणून त्याच्या कोठडीत तिघांहून कमी माणसांनी जाऊ नये. पुढल्या वर्षापासून त्या एका नोंदीचे स्वतंत्र दप्तर झाले आणि आज त्यात असंख्य हातांनी लिहिलेल्या हजारो नोंदी आहेत, सगळ्या सरकारी परिपत्रकाच्या कोरड्या भाषेत, मधेमधे काळी पट्टी मारून मजकूर झाकलेल्या. या संघटनेला सावज मारावयाचे नसते. ते कोंडून, क्रमांक देऊन ठेवावयाचे असते. प्रयोगांसाठी ती तुरुंगांतील देहान्ताची शिक्षा झालेले कैदी आणते, आणि तिची स्वत:ची एक नीतिसमितीही आहे. ज्या काळजीपूर्वक शांत शैलीत हे सारे लिहिलेले असते, ती वाचताना आपल्याला पुतळ्यापेक्षा लेखनिकाची धास्ती वाटू लागते. यातच त्या लेखकसमुदायाचे यश आहे, आणि सर्वांनाच ते समजून साधलेले आहे असे नाही, कारण बऱ्याच नोंदी नुसत्या अक्राळविक्राळ प्राण्यांच्या जंत्रीवर संतुष्ट असतात.

आता एका आक्षेपाचा परामर्श घेतला पाहिजे. खेळात सावज खरोखरच अमानुष असते. सूत्रधाराने तसे ठरविलेले असते, म्हणून पुराव्याचा प्रश्न सुटलेला असतो. खऱ्या जगात अशा पाठलागाच्या टोकाला जवळजवळ नेहमी एखादी विधवा, एखादी एकाकी म्हातारी किंवा जमिनीचा तुकडा नावावर असलेली बाई सापडते. ‘द व्हिजिल’मधील चर्चच्या संघटनेला पंधराव्या शतकाच्या अखेरच्या चेटकीणविरोधी ग्रंथाचे, ‘माल्लेउस मालेफिकारुम’चे, नाव दिलेले आहे, त्या पोथीने युरोपात काय अनर्थ केला हे ठाऊक असणाऱ्याला ते खटकल्यावाचून राहणार नाही. हिंदुस्थानात तर हा भूतकाळ झालेला नाही. डाकीण ठरवून स्त्रियांचा छळ करण्याविरुद्ध बिहारला १९९९ मध्ये कायदा करावा लागला. महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, वर्षानुवर्षे कायद्याचा आग्रह धरला, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा प्रत्यक्षात आला. त्या कायद्याच्या अनुसूचीतील पहिलेच कलम भूत उतरविण्याच्या बहाण्याने माणसाला दोराने वा साखळीने बांधून मारझोड करण्याविषयी आहे. म्हणून शिकारी संघटनेचा खेळ खेळूच नये, असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या खेळात ‘हा खरोखर पिशाच्च आहे काय?’ हा प्रश्न कोणी विचारीतच नाही, तो खेळ मला बालिश वाटतो.

उलट बाजूने, या खेळांचीच शिकार करणारेही निघाले. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत, रोलप्ले खेळणारी मुले सैतानाच्या गुप्त पंथात ओढली जातात असा हाकाटा होऊन त्याविरुद्ध संघटना उभ्या राहिल्या. १ मार्च १९९० रोजी तर सीक्रेट सर्व्हिस या सरकारी खात्याने टेक्ससमधील ऑस्टिन येथे स्टीव्ह जॅक्सन गेम्स या खेळप्रकाशकाच्या कचेरीवर छापा घातला आणि संगणक व त्यांबरोबर छपाईला जाऊ घातलेल्या एका रोलप्लेचे हस्तलिखितही जप्त केले. ते संगणकीय गुन्ह्यांचे मार्गदर्शक पुस्तक असल्याचा त्यांचा ग्रह झाला होता. कंपनीवर कोणताही आरोप ठेवला गेला नाही, आणि १९९३ मध्ये न्यायालयाने तिला नुकसानभरपाई देवविली. याच कंपनीने १९८२ मध्ये जगावर राज्य करू पाहणाऱ्या गुप्त मंडळांची थट्टा करणारा ‘इल्युमिनाटी’ हा पत्त्यांचा खेळ काढला होता, हे येथे सांगितले पाहिजे.

मराठीत अशी शिकारी संघटना का निर्माण झाली नाही? भुतांची तर आपल्याकडे वाण नाही: मुंजा, समंध, हडळ, खवीस, गिऱ्हा, चकवा अशी त्यांची नीट विभागणी आहे, आणि कोणी कोणावर भूत घातल्याच्या फिर्यादी पेशवाईच्या कागदपत्रांतदेखील आढळतात. माझ्या समजुतीने याचे उत्तर कोकणच्या गावऱ्हाटीत आहे. तेथे वेताळ आणि देवचार हे गावाच्या कारभारातले मानकरीच होत. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भक्त चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाच्या राखणीसाठी हिंडतो व त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. देवचाराला त्याचा ठरलेला मान द्यावयाचा, चुकला तर गाऱ्हाणे घालून क्षमा मागावयाची, उभ्या जमावाने ‘होय म्हाराजा’ म्हणून त्याला दुजोरा द्यावयाचा. हा सगळा व्यवहार उघड्यावर, साक्षीदारांसमक्ष आणि करारमदाराच्या भाषेत चालतो. ज्याच्याशी गावाचा तह झालेला आहे, त्याची शिकार कोण करणार? याच देवस्कीच्या आधाराने एखाद्या गरीब बाईवर आळ घेतला जातो, हेही खरे आहे आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही.

आपल्या भयकथांतही म्हणूनच खाते नाही, व्यक्ती आहे. नारायण धारप (१९२५ ते २००८) यांनी लव्हक्राफ्टची जातकुळी मराठीत आणली, परंतु त्यांचे ‘समर्थ’ अघोरी शक्तींशी लढतात ते एखाद्या सत्पुरुषाच्या अधिकाराने. त्यांना कोणाची सनद लागत नाही, कोणाला अहवाल पाठवावा लागत नाही, आणि अप्पा हा त्यांचा शिष्य आहे, हाताखालचा नोकर नव्हे. रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांत तर लढणाराही बहुधा नसतोच. जे घडते ते चार भिंतींच्या आत, घरच्या माणसांवर घडते.

इंग्रजी खेळांच्या धर्तीवर मुंबईत किंवा पुण्यात एखादे गुप्त पथक कल्पून मराठी रोलप्ले रचता येईल, आणि तरुण मंडळी तो रचतीलही; पण त्यातील दप्तर उसने असेल. गावऱ्हाटीवरून रचलेला खेळ अजून कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्यात शिकारी नसतील. गुरव, घाडी, मानकरी, मुंबईहून गणपतीला आलेला चाकरमानी आणि खाणीसाठी जमीन मोजायला आलेला सर्वेयर अशी पात्रे असतील. प्रत्येकाच्या नोंदवहीत त्याच्या घराण्याचा मान आणि त्याच्याकडे तुंबलेली देणी लिहावी लागतील, आणि पहिल्या बैठकीत शोधावे लागेल ते एवढेच की, आजोबांच्या काळापासून पाळलेला कोणता करार कोणी मोडला.